टॉपिक कुठून येतो?

१९५७ साली न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘वर्ड’ या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात मराठी माणसाच्या इंग्रजीवर एक लेख प्रसिद्ध झाला. मराठी मातृभाषा असलेला माणूस इंग्रजी बोलू लागला की त्याच्या उच्चारांत मराठीची ध्वनिव्यवस्था कशी उतरते, हा त्याचा विषय. लेखक अशोक केळकर. पुढे मराठीच्या भाषाविज्ञानात ज्यांच्या शब्दाला मोठं वजन आलं ते हेच केळकर. पण तेव्हा ते कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. करणारे विद्यार्थी होते आणि पदवी हातात पडायला अजून वर्ष बाकी होतं. सहा वर्षांनी, १९६३मध्ये, त्याच नियतकालिकात आणखी एका विद्यार्थ्याचं संशोधन छापून आलं. त्याचं नाव विल्यम लबॉव्ह. शाईच्या धंद्यात रसायनतज्ज्ञ म्हणून दहाएक वर्षं काढून तो कोलंबिया विद्यापीठात भाषाविज्ञान शिकायला आला होता. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी त्याने मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यासमोरचं मार्थाज व्हिनयार्ड हे बेट निवडलं. बेटावरच्या ६९ माणसांच्या मुलाखती, ‘राइट’ आणि ‘हाउस’ यांसारख्या शब्दांतले दोन संयुक्त स्वर, आणि प्रश्न एकच: हे स्वर काही जणांच्या तोंडी वेगळे का पडतात, आणि नेमके कुणाच्या? उत्तर नुसत्या वयात किंवा शिक्षणात सापडलं नाही. ज्यांना बेट सोडून जायचं नव्हतं, उन्हाळी पाहुण्यांनी तिथली घरं विकत घेत पाय पसरणं ज्यांना सलत होतं, त्यांच्या बोलण्यात हा फरक ठळक होता. आणि सगळ्यांत जास्त ठळक चिलमार्क गावच्या कोळ्यांत.

त्याचा पुढचा प्रयोग याहून साधा. नोव्हेंबर १९६२मध्ये तो न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत फिरला: श्रीमंतांचं सॅक्स, मध्यमवर्गाचं मेसीज आणि स्वस्त मालाचं एस. क्लाइन. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या एखाद्या वस्तूचं नाव घेऊन तो विक्रेत्याला विचारायचा, ती कुठे मिळेल? उत्तर यायचं, ‘फोर्थ फ्लोअर’. ऐकू आलं नाही असं दाखवून तो पुन्हा विचारायचा. माणूस दुसऱ्यांदा जरा सावरून, जोर देऊन तेच सांगायचा. मग बाजूला होऊन वहीत नोंद. दोन शब्दांत ‘र’ येण्याच्या दोन जागा, प्रत्येकी दोनदा. असे २६४ जण झाले. सॅक्समध्ये ६२ टक्के विक्रेत्यांनी ‘र’ सगळीकडे किंवा निदान काही ठिकाणी उच्चारला, मेसीजमध्ये ५१ टक्क्यांनी, क्लाइनमध्ये २० टक्क्यांनी. सगळे पगारी विक्रेतेच, पण गिऱ्हाइकाचा वर्ग त्यांच्या जिभेवर उतरला होता. त्याच कामातून १९६४चा पीएच.डी.चा प्रबंध उभा राहिला आणि १९६६मध्ये पुस्तक आलं. सामाजिक भाषाविज्ञानाच्या वर्गात आज जे शिकवलं जातं त्याचा मोठा भाग इथून सुरू होतो.

या दोन उदाहरणांत मला महत्त्वाची वाटते ती बुद्धिमत्ता नव्हे. ती केळकरांपाशी होती, लबॉव्हपाशी होती, त्याबद्दल वाद नाही. महत्त्वाचा आहे तो विषय कुठून आला हा मुद्दा. दोघांनीही कुणाचा सिद्धांत उचलून छापील पुस्तकावर बसवला नाही. आपल्या कानांवर पडणारं, पण कुणी नीट नोंदवून न ठेवलेलं काहीतरी त्यांनी मोजलं. आता आपल्याकडच्या इंग्रजी विभागांकडे पाहा. ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात लाखो प्रबंध कुणालाही उघडून पाहता येतात. इंग्रजीच्या प्रबंधांची शीर्षकं चाळू लागलं की थोड्याच वेळात साचा हाताला लागतो: अमुक लेखिकेच्या निवडक कादंबऱ्यांतली स्त्रीवादी जाणीव, तमुक लेखकाच्या निवडक कादंबऱ्यांतला वसाहतोत्तर संघर्ष, आणखी कुणाच्या निवडक कथांतलं स्थलांतर. ‘निवडक’ हमखास असतं. निवड कशावरून केली ते मात्र आत शोधूनही सापडत नाही. पहिल्या प्रकरणात लेखिकेचं चरित्र, दुसऱ्यात सिद्धांताचा परिचय, पुढची तीन प्रकरणं म्हणजे एकेका कादंबरीचं कथानक, शेवटी निष्कर्ष की लेखिका स्त्रियांच्या वेदनेला वाचा फोडते. प्रबंध लिहिण्याआधी जे ठाऊक होतं तेच लिहून झाल्यावरही ठाऊक आहे. विद्यार्थी आपसांत म्हणतात, ‘गाईडने टॉपिक दिला’. सगळं दुखणं त्या ‘दिला’मध्ये आहे. इंग्रजीच्या अभ्यासाला नवं वळण देणारं विद्यार्थ्यांचं काम बहुतेक वेळा हाताशी असलेला, कुणी न गोळा केलेला पुरावा गोळा करण्यातून झालं आहे. आणि नवख्या संशोधकाला झेपणारं, त्याला खरोखर काही शिकवणारं कामही तेच असतं, असं माझं म्हणणं आहे.

भाषेच्या बाबतीत हे ठीक, पण साहित्याचं काय, असा आक्षेप लगेच येईल. कविता ही मोजण्याची वस्तू आहे का? आक्षेप रास्त आहे, पण साहित्याच्या अभ्यासाचा इतिहास त्याच्या बाजूने फारसा उभा राहत नाही. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांच्या हाती कवीचं नाव, काळ, शीर्षक काहीही न देता कविता ठेवल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले. तेरा कवितांवरचे हे अभिप्राय हाच १९२९च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’चा कणा आहे. निघालं ते धक्कादायक होतं: इंग्लंडमधल्या उत्तम शिक्षण मिळालेल्या मुलांना पुष्कळदा कवितेचा सरळ अर्थही लागत नव्हता. नामवंत कवीला ते नावाविना झिडकारत आणि सामान्य कवितेवर लुब्ध होत. आपल्याकडे एम.ए.च्या वर्गात ‘क्लोज रीडिंग’चा पाया म्हणून हे पुस्तक नेमलं जातं, पण त्याचा जन्म पुराव्याच्या गठ्ठ्यातून झाला हे क्वचितच सांगितलं जातं. रिचर्ड्स यांच्याच मार्गदर्शनाखाली क्यू. डी. लीव्हिस यांनी पीएच.डी. केली. १९३२मध्ये ‘फिक्शन अँड द रीडिंग पब्लिक’ या नावाने त्या प्रबंधाचं पुस्तक झालं. लोक प्रत्यक्षात काय वाचतात, कुठून आणून वाचतात, कुठली पुस्तकं खपतात हे त्यांनी तपासलं आणि लोकप्रिय कादंबरीकारांना प्रश्नावल्या पाठवल्या. त्यांच्या निष्कर्षांतला वाचकवर्गाबद्दलचा तुच्छतेचा सूर मला पटत नाही. पण त्या सुराशी भांडता येतं ते त्यांनी पुरावा समोर ठेवला म्हणूनच. वेदनेला वाचा फोडण्याशी कुणी कसं भांडणार?

साहित्यातला असा पुरावा महाराष्ट्रात इतका पडून आहे की इथे थोडं रेंगाळायला हवं. प्रिया जोशी यांच्या ‘इन अनदर कंट्री’ या २००२च्या ग्रंथात एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय ग्रंथालयांतून कुठल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या जात याचा शोध आहे. अभ्यासक्रमातले थोर कादंबरीकार एका बाजूला आणि वाचकांचा लाडका जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स दुसऱ्या बाजूला, असं चित्र त्यातून उभं राहतं. इंग्लंडच्या समीक्षकांनी ज्याला साहित्यिक मानायचीही तयारी दाखवली नाही, त्या रेनॉल्ड्सने भारतीय भाषांतल्या सुरुवातीच्या कादंबरीकारांना चांगलीच भुरळ घातली. हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’वर त्याची छाया आहे हे मराठी वाचकाला नवं नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. अशा संस्थांच्या जुन्या ग्रंथयाद्या, दाखलनोंदी, देवघेवीच्या वह्या जिथे टिकल्या असतील तिथे त्या गावातल्या इंग्रजीच्या विद्यार्थ्याने चार महिने बसावं. एका गावाने एका दशकात इंग्रजीतलं काय वाचलं एवढाच प्रश्न घ्यावा. तो कुठल्याही कादंबरीतल्या ‘अस्मितेच्या शोधा’पेक्षा मोठा प्रश्न आहे, शिवाय त्याचं उत्तर आधी कुणाला ठाऊक नसतं.

दुसरा साठा अनुवादांचा. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं. जेरी पिंटो यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०१५चा. ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००३चं. माया पंडित यांचा अनुवाद २००८चा. दलित आत्मकथनांवर इंग्रजी विभागांत उदंड लिहिलं जातं आणि त्यातलं बरंचसं फक्त इंग्रजी पुस्तक समोर ठेवून लिहिलं जातं, जणू मूळ पुस्तक कुठल्या परक्या लिपीत आहे! नांदेडच्या किंवा जळगावच्या विद्यार्थ्यापाशी दोन्ही पुस्तकं असतात, दोन्ही भाषा असतात, वर्णन केलेली वस्ती त्याच्या पाहण्यातली असते. काय गाळलं गेलं, कुठे खुलासा घातला गेला, बोलीचा स्तर कुठे सपाट झाला, हे ओळीगणिक नोंदवणं ऑक्सफर्डच्या प्राध्यापकालाही त्याच्याशिवाय जमणार नाही. तरीही तो विद्यार्थी सिद्धांतकार गायत्री स्पिव्हाकच्या एका प्रसिद्ध प्रश्नाचा सारांश लिहीत बसतो. स्पिव्हाक वाचू नये असं मी म्हणत नाही. वाचलेलं वापरायला हाताशी काहीतरी असावं, इतकंच. शेक्सपिअरलाही हेच लागू आहे. आगरकरांचं ‘विकारविलसित’ १८८३चं आणि देवलांचा ‘झुंझारराव’ १८९०चा. ‘हॅम्लेट’ आणि ‘ऑथेल्लो’ महाराष्ट्रात येऊन काय झाले हे पाहायला इंग्रजी आणि जुनं मराठी दोन्ही येणारा माणूस लागतो. असा माणूस इंग्रजी विभागात मिळाला नाही तर कुठे मिळणार?

सांस्कृतिक अभ्यासाची गोष्ट तर मुळातच विद्यार्थ्यांची आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४मध्ये रिचर्ड हॉगार्ट यांनी समकालीन सांस्कृतिक अभ्यासाचं केंद्र सुरू केलं ते इंग्रजी विभागाच्या आधाराने आणि पेंग्विनच्या पैशांवर. नंतर स्टुअर्ट हॉल यांनी ते चालवलं. शिक्षक मोजके होते. काम करायचे ते पदव्युत्तर विद्यार्थी, आणि तेही गटाने. १९७०च्या दशकात ‘वर्किंग पेपर्स’ निघू लागले, चक्रमुद्रित केलेली टिपणं वाटली जाऊ लागली. ‘रेझिस्टन्स थ्रू रिच्युअल्स’ त्यातूनच आलं. १९७८च्या ‘पोलिसिंग द क्रायसिस’वर हॉल यांच्यासह पाच जणांची नावं आहेत. रस्त्यावरच्या लुटालुटीला वर्तमानपत्रांनी नवं भयंकर नाव देऊन घबराट कशी पसरवली आणि त्या घबराटीचा राजकीय उपयोग कसा झाला, हे त्यात बातम्या, न्यायालयांचे निकाल आणि पोलिसांची विधानं एकत्र ठेवून दाखवलं आहे. त्याची सुरुवात बर्मिंगहॅमच्याच हँड्सवर्थ भागातल्या एका घटनेपासून आणि त्यात पोरांना झालेल्या जबर शिक्षांपासून झाली. म्हणजे केंद्राच्या उंबऱ्याशीच. तिथूनच आलेल्या पॉल विलिस यांनी कामगारवस्तीतल्या बारा पोरांमागे शाळेत, नंतर कारखान्यात फिरून १९७७मध्ये ‘लर्निंग टू लेबर’ लिहिलं. शाळेला धाब्यावर बसवणारी ही पोरं त्याच बंडातून बापाच्या कारखान्यातली नोकरी स्वतःहून कशी पत्करतात, हा त्याचा विषय. अँजेला मॅकरॉबी यांनी ‘जॅकी’ हे किशोरवयीन मुलींचं साप्ताहिक उलगडून पाहिलं आणि आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं की तुमच्या उपसंस्कृतींच्या अभ्यासात मुली कुठे आहेत. हा प्रश्न पुस्तकातल्या सिद्धांतातून सुचला नव्हता. आजूबाजूला मुली दिसत होत्या, अभ्यासात दिसत नव्हत्या, त्यातून तो सुचला.

बर्मिंगहॅमचं उदाहरण माझ्या विरोधातही वापरता येईल. त्या केंद्रात ग्राम्शी आणि अल्थुसर यांची पारायणं चालत; सिद्धांताशिवाय यातलं एकही पुस्तक झालं नसतं. खरं आहे. पण पारायणं चालत ती हातात सापडलेल्या गोष्टीचा अर्थ लागत नव्हता म्हणून. आपल्याकडे क्रम उलटा होतो: सिद्धांत आधी ठरतो आणि मग त्याला शोभेल अशी कादंबरी शोधली जाते. शोभेल अशी कादंबरी सिद्धांताला कधीच अडवत नाही, कारण तिची निवडच त्यासाठी झालेली असते. विलिस यांच्या बारा पोरांनी त्यांच्या वाचनाला ठायीठायी अडवलं. २००२मध्ये विद्यापीठाने तो विभाग बंद केला हेही सांगितलं पाहिजे. चांगल्या कामाला संस्थेचं अभय मिळतंच असं नाही.

आता खरा आक्षेप. लबॉव्ह, विलिस, केळकर ही असामान्य माणसं. यशस्वी झालेले तेवढे मोजून नियम कसा काढायचा? त्यांच्याच पद्धतीने गेलेले आणि काहीही न गवसलेले किती असतील! याचं उत्तर लीड्समध्ये मिळतं. दुसऱ्या महायुद्धानंतर हॅरल्ड ऑर्टन यांनी स्विस अभ्यासक ऑयगेन डीट यांच्यासह इंग्लंडच्या बोलींची पाहणी उभारली: ३१३ गावं, तेराशेहून अधिक प्रश्न, १९५० ते १९६१ अशी अकरा वर्षं. क्षेत्रकार्य करणाऱ्यांत तरुण संशोधक होते. त्याच लीड्समध्ये कितीतरी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाच्या बोलीवर प्रबंध लिहिले. त्यांतले बहुतेक पुढे प्रसिद्ध झाले नाहीत, होण्याची गरजही नव्हती. आपल्या आजोबांच्या पिढीचा शेतीतला शब्दसंग्रह आणि स्वर नोंदवून ते शाळांमध्ये शिकवायला गेले. पण त्या नोंदी आजही उपयोगी पडतात, कारण ती माणसं आता नाहीत. सामान्य विद्यार्थ्याचा सामान्य प्रबंध जर निरीक्षणाचा असेल तर पन्नास वर्षांनी त्याची किंमत वाढते. कादंबरीच्या सारांशाची घटते. पाहणीत दोष होते, मुख्यतः खेड्यातले वयस्क पुरुषच निवडले गेले होते. पण दोष नेमका कुठे आहे हे बोटाने दाखवता येणं हीही शिस्तबद्ध नोंदीचीच देणगी.

अशी परंपरा आपल्याकडे नव्हतीच, असं म्हणायची सोय नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय इंग्रजीचा पहिला मोठा संगणकीय भाषासंग्रह उभा केला. जगभर तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ याच नावाने ओळखला जातो. १९७८ या एका वर्षात भारतात छापलेल्या इंग्रजीतून प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे पाचशे उतारे, म्हणजे दहा लाख शब्द. आराखडा अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या आणि ब्रिटिश इंग्रजीच्या लँकेस्टर-ऑस्लो-बर्गन या संग्रहांचा, म्हणजे तिन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहता याव्यात. माहितीपुस्तिका १९८६मध्ये निघाली. ज्या काळात संगणक पाहायला मिळणं हेच अप्रूप होतं, त्या काळात कोल्हापूरसारख्या शहरातल्या एका विद्यापीठाने वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, कथा-कादंबऱ्या, धार्मिक पुस्तिका यांतलं इंग्रजी यंत्रात भरलं. नॉर्वेतल्या बर्गनहून तो संग्रह जगभरच्या अभ्यासकांकडे गेला. भारतीय इंग्रजीत क्रियापदांची रचना ब्रिटिश इंग्रजीपेक्षा कुठे वेगळी पडते यावर जर्मनीत काम झालं त्यात त्याचा उपयोग झाला. पुढे आंतरराष्ट्रीय इंग्रजी संग्रहाचा भारतीय भागही कोल्हापूर आणि बर्लिन यांच्या सहकार्याने तयार होऊन २००२मध्ये उपलब्ध झाला. त्यात बोललेल्या इंग्रजीचाही मोठा वाटा आहे. आणि हे साधन ज्यांच्या अंगणात घडलं, त्या महाराष्ट्रातले इंग्रजीचे कितीतरी विद्यार्थी त्याचं नाव न ऐकता एम.ए. होतात. यात विद्यार्थ्यांचा दोष मी मानत नाही.

दोष बराचसा नियमांचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०च्या नियमांत शिक्षकांच्या बढतीसाठी ‘एपीआय’ची गुणमोजणी आणली आणि शोधनिबंधाला भाव आला. शेदोनशे ग्रॅमच्या पुड्या बांधाव्यात तसे लेख बांधले जाऊ लागले. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं उगवली. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची पुण्याच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पाहणी केली. २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष आला की तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात. (त्या पाहणीत नेमकं तेच केलं होतं ज्याची मी इथे वकिली करतो आहे: यादी घेतली, एकेक नाव उघडून पाहिलं, मोजलं.) मग नियतकालिकांची आयोगाची नवी ‘केअर’ यादी आली आणि २०२५मध्ये तीही गेली. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापण्याची सक्ती २०२२च्या पीएच.डी. नियमांनी काढली, त्याच नियमांनी एम.फिल.ही संपवली. सक्ती गेली हे चांगलंच. एम.फिल. गेल्याचं मला वाईट वाटतं, कारण वर्ष-दीड वर्षाचा, शंभर-सव्वाशे पानांचा, एकाच प्रश्नाचा प्रबंध ही निरीक्षणाच्या संशोधनाला योग्य जागा होती. ती जागा बहुधा सारांशांनीच भरली गेली हा भाग निराळा.

वर्गात उभं राहून शिकवणाऱ्यांचा आक्षेप याहून व्यवहारी आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. ते म्हणतात, आमच्या मुलांनी इंग्रजीत पहिलं मोठं पुस्तक एम.ए.ला वाचलेलं असतं. आधी त्यांना वाचायला तर शिकू द्या, सर्वेक्षणं कसली करायला लावता? आणि एका गाईडकडे इतकी मुलं, वर परीक्षेचं काम, नॅकचे कागद. प्रत्येकाचा वेगळा टॉपिक आम्ही तपासायचा कधी? यातला पहिला भाग मला उलट्या बाजूने खरा वाटतो. ज्या मुलाचं इंग्रजी वाचन कमी आहे त्याला स्पिव्हाक किंवा होमी भाभा यांच्या गद्यात लोटणं हीच क्रूरता आहे. त्याला नक्कल करण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. तोच मुलगा आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेतल्या पाट्या टिपू शकतो. २०२२मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली; मग इंग्रजी पाट्यांचं काय झालं? किती इंग्रजी शब्द केवळ देवनागरीत शिरून टिकले? ‘मोबाईल शॉपी’मधली ‘शॉपी’ कुठल्या जिल्ह्यांत दिसते, कुठे विरळ होते, शेजारच्या राज्यात शिरताच काय होतं? पाट्यांच्या भाषेचा अभ्यास ही आज जगभर मान्य झालेली शाखा आहे आणि तिला लागतो तो मोबाईलचा कॅमेरा, वही आणि दोन-चार चांगले लेख. ते लेख मात्र शब्दाशब्दाला वाचावे लागतात, कारण आता आपल्या हातातल्या गोष्टीला नाव हवं असतं. वाचन असं वाढतं. आक्षेपाच्या दुसऱ्या भागाला माझ्यापाशी अर्धंच उत्तर आहे: वीस मुलांना वीस टॉपिक देऊ नयेत, एका मोठ्या प्रश्नाचे वीस तुकडे द्यावेत. बर्मिंगहॅमचं काम गटाने झालं ते केवळ तत्त्व म्हणून नव्हे. शिक्षकच पुरेसे नव्हते.

यंत्राने लिहिण्याचा प्रश्न आता या सगळ्यावर येऊन बसला आहे. निवडक कादंबऱ्यांतल्या स्त्रीवादी जाणिवेवर पन्नास पानं आज कुठलाही चॅटबॉट काही मिनिटांत लिहून देतो, आणि ती विद्यार्थ्याच्या पानांपेक्षा वाईट नसतात. कारण त्या प्रकारच्या लेखनाला मुळात कुठे जावं लागत नव्हतं, काही पाहावं लागत नव्हतं. खोटी आकडेवारी यंत्रही रचू शकेल, मुलाखती कल्पू शकेल, हे मान्य. म्हणून प्रबंधासोबत कच्चा माल जमा करून घ्यावा: ध्वनिमुद्रणं, छायाचित्रं, नोंदवहीची पानं, तारखा, ठिकाणं. व्हायवाला परीक्षकाने त्यातलं एखादं पान उघडून विचारावं, हे कुठे टिपलं, त्या दिवशी आणखी काय दिसलं होतं? असा प्रश्न कादंबरीच्या सारांशाला विचारताच येत नाही.

माणसं अभ्यासाचा विषय झाली की जबाबदारीही येते. लबॉव्हच्या दुकानातल्या विक्रेत्यांना आपण कुणाच्या प्रबंधात मोजले जातो आहोत याचा पत्ता नव्हता. त्याने नावं घेतली नाहीत, दोन शब्दांपलीकडे काही टिपलं नाही, तरी आज अशा कामावर प्रश्न विचारला जाईल आणि तो विचारलाच पाहिजे. आपल्या वस्तीतल्या मावशीचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं तर तिला आधी सांगितलं पाहिजे, कशासाठी ते तिला कळेल अशा शब्दांत, आणि ती नको म्हणाली तर यंत्र बंद झालं पाहिजे. इंग्रजी विभागांत या गोष्टीचं शिक्षण सहसा दिलं जात नाही, कारण कादंबरीतली पात्रं कधी हरकत घेत नाहीत.

चार वर्षांच्या पदवीचं चौथं वर्ष आता संशोधनासाठी मोकळं होतं आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना तिथे प्रबंध लिहिता येईल. ‘आविष्कार’ हा राज्यातल्या विद्यापीठांचा संशोधन महोत्सव २००६पासून भरतो आणि मानव्यविद्या व भाषांना त्यात स्वतंत्र गट आहे. म्हणजे एकविशीच्या मुलांनी संशोधन दाखवण्याची जागा आधीपासून आहे. कामही आयतं वाट पाहत आहे. ब्राऊन आणि लँकेस्टर-ऑस्लो-बर्गन या १९६१च्या संग्रहांना जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाने १९९०च्या दशकात तीस वर्षांनंतरची जोड करून दिली: तोच आराखडा, तेच प्रकार, नवे उतारे. त्यामुळे एका पिढीत इंग्रजी कसं सरकलं हे मोजता आलं. कोल्हापूरचा संग्रह १९७८चा. त्यालाही आता जवळपास पन्नास वर्षं होतील. पाचशे उतारे, प्रत्येकी दोन हजार शब्द. पन्नास विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला माणशी दहा. प्रताधिकाराची पत्रं पाठवावी लागतील, प्रकाशक महिनोन्‌महिने उत्तर देणार नाहीत, सरकारी अहवाल मिळवायला मंत्रालयाच्या खेपा होतील आणि टंकनाच्या चुका तपासण्यात एक सत्र जाईल. गुणपत्रिकेवर याला किती क्रेडिट द्यायचे हे अभ्यासमंडळाला ठरवावं लागेल; बारा क्रेडिटांत ते बसतं.